एकाच गाण्याच्या अनेक तबकड्या



एकाद्या गृहस्थाच्या घरीं ज्ञानेश्वरीच्या तीन-चार निरनिराळ्या प्रती असल्या, तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. एक साखरे महाराजांची, एक राजवाड्यांनीं छापलेली, एक आजोबांच्या वेळची शिळाछापाची; प्रत्येकीचें कारण निराळें, हें आपण मान्य करतों. परंतु त्याच गृहस्थाच्या कपाटांत एकाच इंग्रजी गाण्याच्या, त्याच गायकांच्या, वरवर पाहतां हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या सहा तबकड्या ओळीनें उभ्या केलेल्या आढळल्या, तर पाहुणा हंसतो आणि विचारतो, "गाणें एकच ना? मग एक तबकडी पुरे नाहीं का?" हा प्रश्न रास्त आहे. "आपली एक हौस" एवढें म्हणून तो टाळणें मला योग्य वाटत नाहीं. त्या प्रश्नाचें जरा सविस्तर उत्तर आज आपणांपुढें मांडावें, असा विचार आहे.

प्रथम ज्या वस्तूविषयीं आपण बोलत आहों, तिची ओळख करून घेऊं. एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडी प्रचारांत आणल्यापासून जवळजवळ अर्धें शतक ग्रामोफोनची तबकडी लाखेची असे व मिनिटास सुमारें ७८ फेरे घेई. आपल्या आजोबांनीं ऐकलेलें नाट्यसंगीत याच तबकड्यांवरचें. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी काढली, आणि तिला उत्तर म्हणून १९४९ सालीं आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीनें सात इंचांची, ४५ फेऱ्यांची लहान तबकडी बाजारांत आणली. या नव्या तबकड्या विनाइल नांवाच्या कृत्रिम द्रव्याच्या असत. त्या हलक्या, लवचिक आणि कमी खरखरणाऱ्या होत्या. ब्रिटनमध्यें ४५ फेऱ्यांची तबकडी १९५२ सालीं आली. तिच्या प्रत्येक बाजूस एकेक गाणें मावे. हिलाच तिकडे 'सिंगल' म्हणतात. १९५० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत पाश्चात्त्य देशांतील तरुण पिढीनें आपलें सारें आवडतें संगीत या बशीएवढ्या तबकड्यांवरच ऐकलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सिंगल ही स्वस्त वस्तु होती. चार-सहा आठवडे ती वाजावी, मग लोकांनीं ती विसरावी आणि नवी घ्यावी, अशीच तिची योजना होती. ती पन्नास-साठ वर्षें टिकेल आणि कोणी तिचा अभ्यास करील, असें ना करणाराच्या मनांत होतें, ना घेणाराच्या. त्यामुळें कोणती तबकडी केव्हां, कोठें, कोणत्या साच्यांतून निघाली याचे कागद सर्वत्र जपले गेले नाहींत. ती हकीकत सांगणारा साक्षीदार पुष्कळदां एकच उरतो, तो म्हणजे ती तबकडीच.

हा साक्षीदार बोलतो कसा, हें समजण्यासाठीं तबकडी कशी तयार होते तें पाहिलें पाहिजे. गाणें प्रथम चुंबकीय फितीवर मुद्रित करीत. त्या फितीवरून, अॅल्युमिनियमच्या थाळीवर चढविलेल्या मऊ लेपांत, यंत्राच्या टोंकदार सुईनें सर्पिल रेघ कोरीत. ही पहिली कोरीव थाळी. तिच्यावर चांदीचा पातळ मुलामा देऊन मग विजेच्या साहाय्यानें धातूचा जाड थर चढवीत आणि तो थर सोलून काढीत. या उलट्या ठशास कारखान्यांत 'पिता' म्हणत. पित्यावर पुन्हां तीच क्रिया केली म्हणजे सुलट थाळी मिळे, ती 'माता'. आणि मातेवरून पुन्हां जे उलटे ठसे घेत ते प्रत्यक्ष छापण्याचे साचे. वाफेनें तापविलेल्या दाबयंत्रांत वर एक साचा व खालीं एक साचा, मध्यें विनाइलचा ऊन गोळा आणि दोहों बाजूंस नांवाच्या कागदी चकत्या ठेवून दाब दिला, कीं तबकडी तयार. एका पित्यापासून कित्येक माता, एका मातेपासून कित्येक साचे आणि एका साच्यापासून साधारणतः हजाराच्या आगेमागें तबकड्या, असा हा वंशविस्तार असे.

पेणला गणपतीच्या मूर्ति साच्यांतून काढतात, त्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस पुढील गोष्ट सांगावयास नको. नव्या साच्यांतून निघालेल्या मूर्तीची बोटें न् बोटें रेखीव असतात. साचा झिजत गेला, कीं तीच बोटें बोथट होतात. तबकडीचेंही तसेंच आहे. नव्या साच्याच्या तबकडींतून झांजेची किणकिण स्वच्छ ऐकूं येते. शिणलेल्या साच्याच्या तबकडींत ती जराशी पुसट होते. शिवाय मूळ थाळी पुन्हां कोरण्याचा प्रसंग आला, तर कोरणारा मनुष्य निराळा, त्याचा कान निराळा, कधीं कधीं फीतही निराळी. म्हणून एकाच गाण्याच्या दोन मुद्रणांत आवाजाचा खराखुरा भेद असूं शकतो. संग्राहक एकाच गाण्याच्या अनेक तबकड्या घेतो, त्याचें पहिलें कारण हें.

आतां हें सारें ओळखावयाचें कसें? तबकडी उजेडांत तिरपी धरा. गाण्याची रेघ जेथें संपते आणि कागदी चकती जेथें सुरू होते, त्यांच्यामध्यें बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा असतो. या पट्ट्यांत बारीक अक्षरें व आंकडे कोरलेले किंवा ठोकलेले दिसतात. ब्रिटनमधील ई. एम. आय. कंपनीच्या तबकड्यांवर या अक्षरांची एक सुरेख पद्धति होती. घड्याळाचे कांटे जसे फिरतात तशी कल्पना करा. सहाच्या ठिकाणीं त्या बाजूचा मुख्य क्रमांक, आणि त्याच्या अखेरीस ती मूळ थाळी कितव्या वेळीं कोरली तो आंकडा. नऊच्या ठिकाणीं मातेचा क्रमांक. आणि तीनच्या ठिकाणीं साच्याचा क्रमांक. पण हा आंकड्यांत न लिहितां अक्षरांत लिहीत. ग्रामोफोन या इंग्रजी शब्दांतील पहिलीं सात अक्षरें आणि लिमिटेड या शब्दाचीं संक्षेपाचीं तीन अक्षरें मिळून दहा अक्षरें होतात, आणि एकही अक्षर दोनदां येत नाहीं. जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, एम म्हणजे ४, ओ म्हणजे ५, पी म्हणजे ६, एच म्हणजे ७, एल म्हणजे ८, टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. तबकडीवर 'जी एम' असें दिसलें, तर ती चौदाव्या साच्यांतून निघाली, असें समजावें. आपल्याकडील व्यापारी पेढ्यांवर मालाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांनीं टिपून ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार. मूळ थाळी पहिली, माता पहिली आणि साचा 'जी', अशी तबकडी ज्याच्या हातीं लागते, त्याच्या हातीं त्या गाण्याची अगदीं आरंभींची प्रत आलेली असते.

दुसरा पुरावा कागदी चकतीचा. बीटल्स या चौघांच्या ब्रिटनमधील बहुतेक सिंगल तबकड्या पार्लोफोन या छापाखालीं निघाल्या. १९६२ सालीं पार्लोफोनची चकती तांबडी होती. १९६३ च्या आरंभीं ती काळी झाली. म्हणून जानेवारी १९६३ मध्यें निघालेलें 'प्लीज प्लीज मी' हें गाणें तांबड्या आणि काळ्या अशा दोन्ही चकत्यांसह मिळतें. चकतीच्या कडेनें बारीक टाइपांत जो कायदेशीर मजकूर असे, तोही बदलत गेला. आरंभीं त्यांत पार्लोफोन कंपनीचें नांव असे. १९६५ च्या सुमारास तेथें ग्रामोफोन कंपनीचें नांव आलें. १९७३ नंतर ई. एम. आय. रेकॉर्ड्स असें झालें. ठराविक किंमतीसच विक्री करण्याच्या अटीचें एक वाक्य १९६४ च्या सुमारास चकतीवर आलें आणि १९६९ च्या सुमारास गेलें. त्या काळच्या ब्रिटिश खरेदीकराचीं दोन अक्षरेंही चकतीवर उठवलेलीं असत. कराचा दर बदलला म्हणजे हीं अक्षरें बदलत. अशा चार-पांच खुणा एकत्र मांडल्या, कीं ज्या तबकडीवर छपाईची तारीख मुळींच नाहीं तिची तारीख कांहीं महिन्यांच्या अंतरानें ठरवितां येते. ताम्रपटावर शक नसला तरी अक्षरवटिकेवरून संशोधक त्याचा काळ ठरवितात, तीच ही रीति.

आतां या सर्व खटाटोपाचें फळ काय, तें एका गाण्याच्या उदाहरणानें पाहूं. बीटल्सचें पहिलें सिंगल 'लव्ह मी डू' हें ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं प्रसिद्ध झालें. पार्लोफोनचा त्याचा क्रमांक आर ४९४९. ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादींत तें फार तर सतराव्या स्थानापर्यंत चढलें. गाणें साधें, अडीच मिनिटांच्या आंतलें. पण त्याची जन्मकथा साधी नाहीं.

हें गाणें लंडनच्या ॲबी रोडवरील ई. एम. आय. च्या मुद्रणगृहांत तीनदां मुद्रित झालें, आणि तिन्ही वेळां ढोल वाजविणारा मनुष्य निराळा होता. ६ जून १९६२ रोजीं, परीक्षेदाखल झालेल्या मुद्रणांत, पीट बेस्ट होता. पुढें त्याला संचांतून काढण्यांत आलें व रिंगो स्टार आला. ४ सप्टेंबर रोजीं रिंगोसह गाणें पुन्हां मुद्रित झालें. निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या बाजूस ढोलाच्या कामाविषयीं समाधान नव्हतें, म्हणून ११ सप्टेंबर रोजीं अँडी व्हाइट नांवाच्या धंदेवाईक वादकास बोलावून गाणें तिसऱ्यांदा मुद्रित झालें. त्या दिवशीं बिचाऱ्या रिंगोच्या हातीं खंजिरी देण्यांत आली. मौज अशी, कीं पहिली तबकडी जेव्हां बाजारांत आली, तेव्हां तिच्यावर ४ सप्टेंबरचें, म्हणजे रिंगोच्या ढोलाचें मुद्रण होतें. आणि तिच्याच पाठीमागील 'पी. एस. आय लव्ह यू' हें गाणें मात्र ११ सप्टेंबरचें, अँडी व्हाइटच्या ढोलाचें होतें. म्हणजे एकाच तबकडीच्या दोन बाजूंस दोन ढोलवाले! पुढें १९६३ सालीं बीटल्सची पहिली दीर्घ तबकडी निघाली, तिच्यावर 'लव्ह मी डू'चें अँडी व्हाइटचें रूप घेतलें गेलें, आणि कांहीं काळानें सिंगलच्या पुढील मुद्रणांतही तेंच आलें. १९६४ सालीं हें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें, तेंही याच रूपांत.

दोन्ही रूपें ओळखण्याची खूण सोपी आहे. खंजिरी ऐकूं आली तर अँडी व्हाइट. खंजिरी नाहीं तर रिंगो. घरांतील लहान मूलही एकदां सांगितल्यावर ही परीक्षा बिनचूक करतें.

आणि आतां मुख्य मुद्दा. ४ सप्टेंबरच्या त्या मुद्रणाची मूळ फीत कंपनीपाशीं उरली नाहीं. पुढें लोकांस त्या पहिल्या रूपाची आठवण झाली, तें पुन्हां प्रसिद्ध करावेंसें वाटलें, तेव्हां मूळ फितीकडे जाण्याचा मार्गच बंद झालेला होता. १९८० सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'रॅरिटीज' या संग्रहासाठीं आणि १९८८ च्या 'पास्ट मास्टर्स' या संग्रहासाठीं तें गाणें एका चांगल्या राखलेल्या जुन्या सिंगल तबकडीवरून उतरून घ्यावें लागलें. जगांतील सर्वांत धनवान अशा संगीत कंपन्यांपैकीं एकीस स्वतःच्याच मालाची खरी प्रत मिळविण्यासाठीं सामान्य दुकानांत विकलेल्या एका तबकडीचा आधार घ्यावा लागला. आज आपण रिंगोच्या ढोलाचें 'लव्ह मी डू' ऐकतों, तें कोणीतरी ती तबकडी ओरखडा न पाडतां जपली म्हणून ऐकतों.

आपल्याकडे हा अनुभव जुना आहे. व्यासांच्या किंवा ज्ञानेश्वरांच्या हातची पोथी आज कोणापाशीं नाहीं. ज्या आहेत त्या प्रतींच्या प्रती. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली, ती निरनिराळ्या प्रती समोर ठेवूनच. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून पुरी केली, तेव्हां देशभरांतून बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ताडून पाहिलीं. तेथें कोणीं असें म्हटलें नाहीं, कीं महाभारत एकच ना, मग एक पोथी पुरे. व्यासांचा ग्रंथ आणि अडीच मिनिटांचें प्रेमगीत यांची बरोबरी मी करीत नाहीं. पण मूळ हरवलें, कीं प्रतींची किंमत वाढते, हा नियम दोहोंस सारखाच लागू आहे.

हा पाठभेद माहीत नसला तर काय होतें, याचेंही उदाहरण याच गाण्यानें घालून दिलें आहे. २०१२ सालीं 'लव्ह मी डू'ला पन्नास वर्षें पूर्ण झालीं, म्हणून कंपनीनें मूळ सिंगलची हुबेहूब प्रतिकृति काढण्याचें ठरविलें. चकती तांबडी, क्रमांक तोच, सारें तेंच. पण आंत गाणें भरलें तें अँडी व्हाइटचें! चूक ध्यानांत येतांच तो माल परत बोलावण्यांत आला व मागाहून योग्य मुद्रणाची तबकडी काढण्यांत आली. तरी चुकीच्या कांहीं प्रती बाहेर गेल्याच, आणि आतां त्याही संग्राहकांच्या शोधाचा विषय झाल्या आहेत.

अशा चुका मूळच्या काळींही होत, आणि संग्राहक त्यांच्या मागें धांवतात याचें लोकांस हंसूं येतें. 'लव्ह मी डू' प्रसिद्ध होण्यापूर्वीं नभोवाणी केंद्रांस व वृत्तपत्रांस वांटण्यासाठीं २५० तबकड्या काढल्या होत्या, त्यांवर मॅकार्टनी हें नांव एका अक्षरानें चुकलें आहे. त्यांपैकीं एक तबकडी २०१७ सालीं चौदा हजारांहून अधिक डॉलरांस विकली गेली. अमेरिकेंत व्ही-जे नांवाच्या लहान कंपनीनें १९६३ सालीं 'प्लीज प्लीज मी' प्रथम काढलें, तेव्हां चकतीवर बीटल्सच्या नांवांत एक 'टी' जास्त पडला. यांत गंमत आहे ती केवळ चुकीची नव्हे. ती चूक सांगते, कीं त्या दिवशीं त्या कारखान्यांत हे चौघे इतके अनोळखी होते, कीं त्यांचें नांव तपासून पाहावें असें कोणास वाटलें नाहीं. वर्षभरानें तीच अमेरिका त्यांच्यासाठीं वेडी झाली. २६ डिसेंबर १९६३ रोजीं कॅपिटॉल कंपनीनें 'आय वाँट टु होल्ड युअर हँड' काढलें, तेव्हां मागणी इतकी आली, कीं स्वतःचे कारखाने पुरेनात आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या कारखान्यांतून तबकड्या छापून घ्याव्या लागल्या. कॅपिटॉलच्या लॉस एंजेलिसच्या कारखान्याची खूण तारका, स्क्रँटनच्या कारखान्याची खूण त्रिकोण. अशा खुणांवरून त्या धांदलीचा नकाशा आजही काढतां येतो.

आणखी एक कारण सांगितलें पाहिजे. ब्रिटनमध्यें १९६९ पर्यंत बीटल्सच्या सिंगल तबकड्या मोनो, म्हणजे एकपदरी ध्वनीच्या असत. स्टीरिओ, म्हणजे दुपदरी ध्वनि दीर्घ तबकड्यांवर असे. हीं दोन रूपें तयार करतांना एकाच मुद्रणाची पुन्हां जुळणी करावी लागे, आणि ती जुळणी नेहमीं सारखी होत नसे. १९६५ च्या 'हेल्प' या गाण्यांत तर मोनो व स्टीरिओ रूपांतील मुख्य गायनच निरनिराळें आहे. त्या काळच्या तरुणांनीं खोलींत, खानावळींत, नाचाच्या दिवाणखान्यांत जें ऐकलें तें मोनो. आज खिशांतील दूरध्वनीवर गाणें मागितलें, कीं क्षणांत वाजतें. पण तें कोणतें रूप आहे हें यंत्र आपण होऊन सांगत नाहीं, व बहुधा आपण विचारीतही नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं, कारण या कथेंत भारताचा भाग थोडा नाहीं. ग्रामोफोन कंपनीनें १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना काढला आणि पुढें तो डमडम येथें नेला. ब्रिटनमधील गाण्यांचे ठसे डमडमला येत व तेथें भारतासाठीं तबकड्या निघत. ब्रिटनमध्यें ७८ फेऱ्यांची तबकडी १९६० च्या सुमारास बंद झाली. परंतु आपल्याकडे असंख्य घरीं अजून वीज नव्हती, चावीचा ग्रामोफोनच होता. म्हणून बीटल्सचीं गाणीं येथें ४५ फेऱ्यांच्या तबकडीप्रमाणेंच ७८ फेऱ्यांच्या जुन्या पद्धतीच्या तबकडीवरही निघालीं. ज्या चौघांस युरोप-अमेरिका नव्या युगाचे दूत मानीत होती, त्यांचीं गाणीं येथें ज्या यंत्रावर आदल्या पिढीनें बालगंधर्व ऐकले त्याच यंत्रावर वाजत होतीं. हा योग जगांत फार थोड्या ठिकाणीं जुळला, आणि म्हणून डमडमच्या त्या तबकड्यांचा परदेशी संग्राहक आज कसोशीनें शोध घेतात.

मुंबईचा संबंध तर याहून जवळचा. जानेवारी १९६८ मध्यें जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठीं मुंबईस आले होते. फोर्ट विभागांतील एच. एम. व्ही. च्या मुद्रणगृहांत त्यांनीं भारतीय वादकांकडून वाजवून घेतलें. त्यासाठीं लागणारें दुपदरी मुद्रणयंत्र कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनीं कलकत्त्याहून आगगाडीनें आणविलें होतें. त्याच वेळीं सरोद, बासरी, सनई, हार्मोनियम व पखवाज या वाद्यांवर एक जास्तीची चीज मुद्रित झाली. बासरी वाजविणारांत हरिप्रसाद चौरसिया यांचें नांव सांगतात. लंडनला परतल्यावर तिच्यावर गायन चढविण्यांत आलें, आणि १५ मार्च १९६८ रोजीं 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या पाठीमागें 'दि इनर लाइट' या नांवानें ती प्रसिद्ध झाली. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसन यांची ही पहिली रचना. १९७० नंतरच्या दशकाच्या जवळजवळ अखेरीपर्यंत ती कोणत्याही दीर्घ तबकडीवर आली नव्हती. म्हणजे दहा-एक वर्षें मुंबईचें तें वादन ऐकावयाचें तर ती सिंगल उलटून वाजविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पुढची बाजू सारें जग वाजवीत होतें. मागची बाजू आपल्या घरची होती.

ज्यांना हा छंद करावासा वाटेल त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पहिली, एकच गाणें किंवा एकच वर्ष निवडा. सर्व कांहीं जमविणारास शेवटीं कांहींच समजत नाहीं. दुसरी, वही ठेवा. गुळगुळीत पट्ट्यावरील प्रत्येक अक्षर, चकतीचा रंग, कडेचा मजकूर, मधलें भोंक लहान कीं मोठें, हें सारें खरेदीच्या दिवशींच उतरून घ्या. तिसरी, नकली मालापासून सावध राहा. ज्या तबकड्यांस मोठी किंमत येते त्यांच्या बनावट प्रती पुष्कळ निघाल्या आहेत. पूर्वीच्या बनावट मालावर चकतीची छपाई बहुधा धूसर असते, आणि खऱ्या तबकडीवर जेथें अक्षरें यंत्रानें ठोकलेलीं असावयास पाहिजेत तेथें तीं हातानें खरडलेलीं दिसतात. चौथी, तबकडीची स्थिति किंमतीपेक्षां आधीं पाहा. झिजलेली दुर्मिळ तबकडी म्हणजे वाळवीनें खाल्लेली पोथी. नांव राहतें, अक्षर जातें.

जपणुकीविषयींही थोडें. तबकड्या एकावर एक न रचतां पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या. उन्हापासून त्या वांकतात; पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणपट्टींत, कागदी वेष्टनावर बुरशी येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटें दूर असावें. विनाइलची तबकडी शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यानें व मऊ फडक्यानें रेघांच्या दिशेनें पुसावी. लाखेच्या तबकडीस मात्र मद्यार्क असलेला कोणताही द्रव लावूं नये, कारण मद्यार्कांत लाख विरघळते. एका पुसण्यांत कायमचें नुकसान होईल. तसेंच ७८ फेऱ्यांच्या तबकडीची रेघ रुंद असते, तिच्यासाठीं निराळी जाड सुई लागते. ४५ ची बारीक सुई तिच्या तळाशीं घासते आणि सुई व तबकडी दोन्हीं बिघडवते.

शेवटीं एका आक्षेपाचा विचार करूं. हें सारें वेड नव्हे काय? अक्षरांच्या मागें लागून गाणें ऐकावयाचेंच राहून गेलें, तर तें खास वेडच. ज्या संग्राहकाच्या तबकड्या कपाटाबाहेर येत नाहींत त्याची बाजू मी घेणार नाहीं. किंमत वाढेल म्हणून जमविणारा व्यापारी असतो, आणि व्यापारास निराळे नियम आहेत. परंतु जो मनुष्य दोन प्रती शेजारीं ठेवून कान देऊन ऐकतो, भेद कोठें आहे तें शोधतो, तो भेद कां झाला याचा विचार करतो आणि उत्तर वहींत लिहून ठेवतो, तो पाठशोधकच आहे. त्याचा ग्रंथ लहान आहे एवढेंच.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी असेल. त्यांत इंग्रजी असतील, त्याहून अधिक मराठी असतील. घर बदलतांना किंवा रंग देतांना अशी पेटी रद्दीवाल्यास देण्याचा प्रसंग येतो. त्या वेळीं एवढेंच करावें: एकेक तबकडी उजेडांत तिरपी धरावी, गुळगुळीत पट्ट्यावरील अक्षरें वाचावीं आणि चालत असेल तर एकदां ती वाजवून पाहावी. दहांपैकीं नऊ वेळां तिच्यांत विशेष कांहीं निघणार नाहीं. पण ज्या गाण्याची मूळ फीत कोठेंच उरलेली नाहीं, त्याची शेवटची स्वच्छ प्रत कोणाच्या माळ्यावर आहे, हें ती पेटी उघडल्यावांचून कळावयाचें नाहीं.